केराबाईची लोकरीची वही

सिद्धम्मा नर्सबाईंना आपल्या अक्षराचा भारी अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. मूळच्या मैंदर्गीच्या, घरात बोलणं सगळं कानडी. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तशा त्या सोलापुरात आल्या, मराठी लिहायला शिकल्या आणि नर्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या. त्या परीक्षेसाठी लिहिलेली खाकी कापडात बांधलेली वही त्यांनी पुढं अठरा वर्षं देव्हाऱ्याशेजारी ठेवली. पाहुणा आला की चहाच्या आधी वही पुढं यायची. वहीत एक खाडाखोड नव्हती, हे पाहुण्याला दोनदा ऐकावं लागायचं.

एकोणीसशे एकतीस साली दवाखान्यात खेड्यातल्या सुईणींसाठी चार महिन्यांचा वर्ग निघाला आणि तो बाईंकडं आला. अकरा बायका. शेवटी बाहेरगावचे डॉक्टर येऊन तोंडी परीक्षा घेणार, आणि पास होईल तिला कात्री, साबण, औषधांची पत्र्याची पेटी मिळणार. बाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. बाळंतिणीच्या अंगाला गंडेदोरे, अंगारे लावायचे नाहीत. आणि मी सांगेन ते शब्दन् शब्द वहीत उतरलं पाहिजे.

माढ्याच्या सारजाबाईला लिहिता येत होतं. ती मान खाली घालून इतक्या निष्ठेनं लिहायची की एकदा बाईंनी मध्येच दवाखान्यातल्या आयाला "बसम्मा, दार लाव, धूळ येते" म्हटलं, तर तेही नाळ कापायच्या धड्यात जाऊन बसलं. पण त्याच दिवशी बाईंनी कापडाच्या बाहुलीवर नाळ बांधून दाखवली, तेव्हा सारजाबाईचे डोळे कागदावर होते. दुसऱ्या दिवशी बाहुली हातात दिली, तर तिला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. बाईंना वाटलं, पोरगी मठ्ठ आहे.

केराबाईची तर बाईंनी आशाच सोडली होती. सांगोल्याकडची ही धनगराची बाई, अक्षराची ओळख नाही, वर्गात नुसती टक लावून बघत बसायची. आदल्या वर्षी तिची धाकटी बहीण मायाक्का तिच्याच मांडीवर बाळंतपणात गेली होती. म्हणून ती मेंढरं दिराच्या हवाली करून, पन्नास मैल चालत इथं आली होती. पेटी घेतल्याशिवाय गावात पाय टाकणार नाही, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

परीक्षेला बारा दिवस उरले होते. वर्ग सुटल्यावर बाई कात्र्या उकळायला मागच्या अंगणातल्या चुलीशी गेल्या, तर लिंबाखाली केराबाई बसलेली. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, आणि हातात काळ्यापांढऱ्या लोकरीचा लांबच लांब दोरा. पुटपुटणं थांबलं की एक गाठ. परत पुटपुटणं, परत गाठ.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने गंडेदोऱ्यांविरुद्ध घसा फोडायचा आणि ही माझ्याच अंगणात मंतर घालतेय! त्यांनी तरातरा जाऊन दोरा हिसकला आणि चुलीत टाकला. लोकरच ती, चर्र झालं आणि करपट वास सुटला.

केराबाई ओरडली नाही. चुलीकडं बघत म्हणाली, "अक्का, माजी वही व्हती की ती."

"कसली वही?"

"तुमी शिकीवलेलं समदं व्हतं त्यात. पांढरी गाठ आईची, काळी लेकराची. लाल चिंधी घातली की दवाखान्यात धाडायचं. आमचा बाप असाच ध्यान ठेवायचा, कोणची मेंढी कवा व्याली त्याचं. तुमी बोलताना म्या फकस्त बघती. मग हितं बसून मनात समदं म्हणून बगती. आठवलं तर गाठ आवळायची, न्हाय आठवलं तर सैल ठेवायची. दुसऱ्या दिशी तुमास्नी इचारून मंग आवळायची. आता काय ऱ्हायलंय? जाती म्या गावाकडं."

ती खरंच गाठोडं बांधायला उठली. बाई चुलीशी उभ्या राहिल्या. ही बाई रोज सकाळी एकदोन प्रश्न विचारायची आणि आपण "कालच सांगितलं ना!" म्हणून तिच्यावर खेकसायचो, हे त्यांना आठवलं. त्यांना आपली लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

सिद्धम्मा बाईंनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. सवय नसल्यामुळं ती त्यांना नीट जमलीही नाही. "बस गं खाली," त्या ओरडल्याच. "चुकलं माझं. बस म्हणते ना!" मग खोलीत जाऊन त्यांनी मैंदर्गीहून आणलेली आईची घोंगडी काढली आणि तिची कड उसवायला घेतली. काळापांढरा धागा हात हात निघत गेला. "घे. पहिल्यापासून बांध."

केराबाईनं डोळे मिटले. हात कोपरापर्यंत धुवायचे, इथून सुरुवात. एकेक गोष्ट म्हणायची, गाठ मारायची. उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत पासष्ट गाठी झाल्या आणि त्यातल्या फक्त नऊ सैल राहिल्या. बाई बघतच राहिल्या. चार महिन्यांचं सगळं त्या बाईच्या डोक्यात होतं. दोरा जळला तरी ते कुठं गेलं नव्हतं.

घरी जाऊन बाईंनी आपली खाकी वही काढली आणि न उघडताच पान अकरावर काय आहे ते म्हणून पाहिलं. अय्यो! अर्ध्यावर गाडी अडली. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या सुंदर वहीत समासात पेन्सिलीनं एक मोकळं, वेडंवाकडं वर्तुळ काढलं. ती त्यांची सैल गाठ.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाची तऱ्हाच बदलली. मी बोलत असताना पेन्सिली खाली. डोळे माझ्या हाताकडं. धडा संपला की वही मिटून एकमेकींना सांगा, मग लिहिता येईल तिनं आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या, नाही तिनं गाठी मारायच्या, आणि अडलं तिथं वर्तुळ किंवा सैल गाठ. सकाळी फक्त वर्तुळांवर आणि सैल गाठींवर बोलायचं. सारजाबाई आधी रडकुंडीला आली. आठव्या दिवशी तिनं बाहुलीची नाळ न चुकता बांधली आणि स्वतःच टाळी वाजवली.

परीक्षेला आलेले डॉक्टर कडक होते. केराबाईनं आत येताच मनगटाचा दोरा सोडून टेबलावर ठेवला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "नर्सबाई, तुमच्या वर्गात गंडे चालतात?"

"साहेब, ती तिची वही आहे," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "मिटून ठेवलीय. कुठलंही पान उघडा."

डॉक्टरांनी थट्टेनंच एक गाठ चिमटीत धरली. लाल चिंधीची होती. केराबाई म्हणाली, "लेकराचा हात आदी दिसला तर वढायचा न्हाय. गाडी जुंपायची आन् दवाखाना गाठायचा." दुसरी धरली, तिसरी धरली. वीसेक गाठींनंतर डॉक्टरांची थट्टा ओसरली होती आणि खुर्ची पुढं सरकली होती.

शेवटची गाठ त्यांनी बोटावर घेतली. "आणि ही? ही सैल का?"

केराबाई गाठीकडं बघत म्हणाली, "ती माज्या भनीची, साहेब. रगत लई गेलं तर काय करायचं ते अक्कांनी शिकीवलंय, ते मला येतंय. पर समदं नीट करून बी एकादी जातीच. ती का जाती, ते कुणालाच सांगता आलं न्हाय. म्हून आवळली न्हाय."

डॉक्टरांनी दोरा दोन्ही हातांनी उचलून तिला परत दिला.

"असू दे तशीच," ते म्हणाले. "माझ्याकडंही ती सैलच आहे."

अकरा जणी बसल्या होत्या, अकराही पास झाल्या. त्यानंतर बाईंकडं पाहुणा आला की चहाच्या आधी खाकी वही निघायचीच, पण बाई त्याला आधी वर्तुळाचं पान दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे मला केराबाईनं शिकवलं."