सिग्नलचा डावा हात

ज्या देशात रुळाचा एक तुकडाही नाही, तिथे आमचा मेस्त्री रस्ता ओलांडताना गाडी येते का म्हणून कान देऊन उभा राहायचा. बाहरेनला येण्याआधी अकरा वर्षं त्याने रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची सुतारकी केली होती. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "हसा. रूळ खोटा बोलणत नाय, माणूस बोलता."

तुबली गावातल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मी टाइमकीपर होतो. मेस्त्री सावंतवाडीकडचा. त्याच्या हाताखाली फळी वाकडी जायची नाही आणि वाकडी गेलेली त्याला बघवायची नाही. माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय त्याने मला न विचारता कापला होता. वर मलाच सुनावलं, "ह्येच्यार हजेरी लिवतंस आणि झोप कशी लागता तुका?"

आमचा साहेब स्कॉटलंडच्या एका लहान गावचा. त्याचे वडील तिथे तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. आधी एकच फलाट होता. लोकरीचा धंदा वाढला तसा दुसरा बांधला, वर लोखंडी पूल आला, मालधक्का झाला. मग मोटारी आल्या, गाड्या बंद पडल्या आणि रूळही उखडून नेले. म्हाताऱ्याची दृष्टी गेली होती. त्याच्या वाढदिवसाला ते स्टेशन लाकडात करून न्यायचं साहेबाच्या मनात होतं. भिंतीवर स्टेशनच्या जुन्या फोटोची रंगीत स्लाइड पाडून त्याने नकाशा काढला आणि मेस्त्रीला दिला. काम संपलं की पासपोर्ट मिळेल, असं बजावलंही. तेव्हा आमचे पासपोर्ट साहेबाच्याच कपाटात असत.

मेस्त्रीला पासपोर्ट हवाच होता. रविवारी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. वडील नव्हते, कन्यादान त्याच्याच हातून व्हायचं होतं. विमान गुरुवारचं. मे महिन्यात दुसरं तिकीट मिळणं अशक्य.

बुधवारी सकाळी फक्त सिग्नल बसवायचे राहिले होते. ते नीट बघावेत म्हणून त्याने मूळ स्लाइड मागून घेतली, खिडकीशी धरली आणि तो मटकन स्टुलावर बसला.

"उलटी धरल्यानी रे सायबान! सिग्नलचो हात खांबाच्या डावीकडे असता. ह्यो नकाशात उजवीकडे इलो कसो? सगळा स्टेशनच उलटा झाला!"

मी दार लावून घेतलं. "मेस्त्री, म्हाताऱ्याला दिसत नाही. गप सिग्नल ठोक आणि विमानात बस."

"दिसना नाय म्हणानच सांगतंय. तो हातान बघतलो."

तो साहेबाकडे निघालाच. नाइलाजाने मी मागे गेलो. माझ्या मोडक्या इंग्रजीतून ऐकताना साहेब लालबुंद झाला. माझा जन्म त्या गावातला, तू मला शिकवतोस? म्हणाला. मेस्त्री हात बांधून उभा. "साब, आप छोटा था. बाबा को पूछो."

साहेबाने वडिलांना परदेशी कॉल लावायला सांगितला. लागेना. अर्धा तास गेला. साहेब पेन्सिल आपटत होता आणि मेस्त्रीची चूक निघाली तर त्याच्याबरोबर माझीही गठडी वळणार, असं मला वाटत होतं. शेवटी घंटा वाजली. साहेबाने एवढंच विचारलं, तिकिटघरातून बाहेर पडलं की पूल कुठल्या हाताला? पलीकडून क्षणात उत्तर आलं. साहेबाने फोन ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मॉडेलमध्ये पूल डावीकडे होता.

त्याने कपाट उघडून पासपोर्ट पुढे केला. चूक माझी, तू जा, दुसरा कुणी करील, म्हणाला. मेस्त्रीने पासपोर्ट उचलला, पानं चाळली आणि परत टेबलावर ठेवला.

"कौन करेगा, साब? पूल उधर गया तो केबिन, मालधक्का, सब खोलना पडेगा. कैसे जोडा, खाली मेरेको मालूम है."

बाहेर आल्यावर मी त्याला वाटेल तसं बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तार कर. कन्यादान काकांनी करूचा." गुरुवारचं विमान गेलं तेव्हा तो सांधे उकलत होता.

रविवारी सकाळी त्याने डब्यातून कुंकू लावलेले तांदूळ काढले आणि वर्कशॉपातल्या आम्हा चौघांच्या हातावर ठेवले. इथले दहा म्हणजे तिथला साडेबाराचा मुहूर्त. घड्याळ बघून त्याने पूर्वेकडे तोंड केलं आणि अक्षता टाकल्या. आम्हीही टाकल्या. मेस्त्रीने हात झटकले. "चला, पुलाचो जिनो लावया." त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

सोमवारी साहेब मॉडेल घेऊन गेला. महिन्याने परतला तो थेट मेस्त्रीच्या बाकाशी आला. म्हातारा मॉडेलवर तिकिटघरापासून चाचपत निघाला, साहेब म्हणाला. उजवीकडे वळला, पूल चढला, पलीकडच्या फलाटावर उतरला. वेटिंगरूमच्या दारावर बोटं थांबली तेव्हा पोराला म्हणाला, "दार लाव रे, वारा येतोय." मी ते मेस्त्रीला मराठीत सांगितलं.

"पोचलो म्हणजे तो," मेस्त्री म्हणाला. "दोघांतलो एक तरी घराक पोचलो."

आणि तो रडायला लागला. रंधा हातातच होता, तोही ठेवायचं त्याला सुचलं नाही. साहेब आणि गप सिग्नल ठोक म्हणणारा मी, दोघेही मान खाली घालून त्याच्यासमोर उभे होतो.