थर्माकोलचा कैलास

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कॉलेजात उंदीरसरांचा जो प्रयोग फसला, तो मी फसवला. सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, कॉलेजला कळलं नाही, आणि ज्या बाईंनी त्याचा दोष स्वतःवर घेतला त्यांच्या घरी दर दिवाळीला जाऊन मी फराळ खाऊन येतो.

उंदीरसर म्हणजे आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. सर उंदरांना अहो-जाहो करत. पिंजऱ्यापाशी वाकून विचारत, "काल आपण शेंगदाणा तसाच ठेवलात. तब्येत बरी आहे ना?" प्राचार्य त्यांचे वर्गमित्र, त्यांना मात्र भर मीटिंगमध्ये "ए पम्या" म्हणत. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, हे उलटं नाय का होत?" तर म्हणाले, "सोनवणे, मला बरं वाटावं म्हणून उंदीर काहीही करत नाहीत. एवढी सचोटी आपल्या स्टाफरूममध्ये कुणाकडे आहे? मग त्यांना अरे-तुरे कसं करू?"

त्यांच्या पिशवीत कायम स्टीलचा पेला असे. पंचवटीत एका दहाव्याला गेलो होतो. यजमानाने प्लास्टिकच्या कपातला चहा पुढे केला, तो सरांनी पेल्यात ओतून घेतला आणि म्हणाले, "गरम चहा आणि पातळ प्लास्टिक. चहाबरोबर आपण थोडा थोडा कपही पितो." यजमान दुखावला. म्हणाला, "सर, आमचे अण्णा असल्याच कपात चहा पिऊन नव्वदीला टेकले." सरांनी खऱ्या आस्थेने विचारलं, "शेवटी शेवटी तुम्हाला ओळखत होते का?" त्या घरून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही.

सरांचा सगळा जीव या एका प्रश्नात अडकला होता. ते सांगत, "मेंदूच्या दारावर रखवालदार असतो, सोनवणे. रक्तातून येईल त्याला हटकतो. पण प्लास्टिक झिजून झिजून इतकं बारीक होतं की याच्या बगलेखालून आत शिरतं. मग पागडीच्या भाडेकरूसारखं. निघायचं नाव नाही." उंदरांच्या मेंदूत असे कण सापडल्याचं बाहेरच्या प्रयोगशाळांनी सांगितलं होतं. आत जाऊन ते आठवण खातात का, हे सरांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

परवानगीच्या कागदांचं वजन पिंजऱ्यापेक्षा जास्त झालं तेव्हा कुठे बारा पांढरे उंदीर आले. सहांना साधं पाणी, सहांना प्लास्टिकची बारीक भुकटी मिसळलेलं. भुकटीवाल्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका. लाकडी भूलभुलैया मी स्वतः ठोकून दिला होता. टोकाला शेंगदाणा. आधी सगळ्यांना वाट शिकवायची आणि मग ती कुणाच्या किती लक्षात राहते ते घड्याळ लावून लिहायचं. कॉलेजची टाकी, नळ, पाईप, सगळंच प्लास्टिकचं, म्हणून साध्या उंदरांचं पाणी सरांच्या घरून यायचं. घरामागे आड होता. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितळी गडूने काचेच्या बरणीत भरून देत आणि बजावत, "हिंदकळू नका हो, जावयाला न्यावं तसं न्या."

श्रावणात पिवळे ठिपके वळणावर अडखळू लागले. साधे सुसाट. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट बातमी आहे, सोनवणे. म्हणजे आपल्यासाठी चांगली."

मग कॉलेजचा गणपती आला. सर दोन दिवस मुलीकडे पुण्याला गेले होते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोनवणे, यंदाचा विषय 'प्लास्टिकमुक्त भारत'. देखावा जिवंत पाहिजे. उंदीर आहेतच ना आपल्याकडे?"

"सर, ते प्रयोगाचे हायेत."

"अहो, बाप्पापुढे चाललेत, कसायाकडे नाही. आणि तो पिवळा डाग पुसून आणा. गणपतीचं वाहन आहे ते, टॅक्सी नाही."

मी नाही म्हणू शकलो असतो. प्राचार्य रागावले असते, एवढंच. पण खरं सांगतो, प्रयोगशाळेत चौदा वर्षं मी बाटल्या धुतल्या, तेवढ्या काळात माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मी ओल्या फडक्याने सहा पाठी पुसल्या आणि बारा उंदीर घेऊन गेलो.

देखावा होता कैलास पर्वताचा. दहा फुटी, थर्माकोलचा. थर्माकोलवर बंदी होती, म्हणून बिलावर 'कापूस' लिहिलं होतं. जटेतली गंगा प्लास्टिकच्या कागदाची. उंदरांनी पहिल्या तासात कैलासाला तीन बोगदे पाडले. परीक्षक बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती नैसर्गिक!" पर्यावरणपूरक सजावटीचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. करंडक प्लास्टिकचा होता. पेपरात फोटो आला, त्यात प्राचार्यांच्या मागे माझा अर्धा चेहरा आहे. ते कात्रण मी जपून ठेवलं होतं. देखाव्यातले उंदीर बाजारातून आणले असं प्राचार्यांनी सगळ्यांना सांगितलं, पुढे सरांनाही तेच कळलं.

त्या दोन दिवसांतही काकूंकडून पाणी मी नेमाने आणत होतो. न आणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. ते प्यायला पिंजऱ्यात कुणीच नव्हतं, म्हणून बेसिनमध्ये ओतत होतो.

उंदीर परत पिंजऱ्यापाशी आणले तेव्हा बाराच्या बारा पांढरेशुभ्र, सगळ्यांच्या मिशांना थर्माकोलचे मणी. कोण साधा, कोण भुकटीवाला? मी बराच वेळ पाहत बसलो. तेही माझ्याकडे पाहत होते. शेवटी हाताला लागले ते सहा उचलले, पिवळा ठिपका लावला आणि हात धुतले.

सरांनी आल्या आल्या विचारलं, "मंडळी मजेत?"

"मजेत, सर," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात 'साध्यां'पैकी तिघे वळणावर अडकले आणि दोन ठिपकेवाले धावत शेंगदाण्याला पोचले. सरांनी घड्याळ बदललं, शेंगदाणे बदलले, माझा भूलभुलैया उचलून खालून पाहिला. शेवटी त्यांचं एकच म्हणणं झालं, साध्या पाण्यातही कुठून तरी प्लास्टिक आलं. त्यांनी हंडा तपासला, आड उपसायला लावला. उंदीर नेणाऱ्या माणसाला मात्र काही विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

तेव्हा काकूंनी सांगितलं, की सर पुण्याला होते त्यातल्या एका दिवशी गडू कल्हईला दिला होता, म्हणून पाणी न्हाणीतल्या प्लास्टिकच्या मगाने भरलं. सर हसून म्हणाले, "अगं, एका मगाने काय होतंय!" पण त्यानंतर काकूंनी घरातलं सगळं प्लास्टिक बाहेर काढलं. दुधाची पिशवी बंद करून किटली घेऊन निघू लागल्या, डबे गेले, कंगवासुद्धा लाकडी आला. गल्लीत त्यांना लोक 'मगवाल्या काकू' म्हणू लागले.

वर्षअखेरीला चर्चासत्र झालं, 'प्लास्टिक आणि आपला मेंदू'. मागे फ्लेक्स, गुच्छांना प्लास्टिकचं वेष्टन, टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रांग. सरांनी आकडे होते तसेच वाचले. प्रमुख पाहुणे म्हणाले, "उंदरांचं राहू द्या, वाट सरांनाच सापडत नाहीये." सभागृह हसलं. प्राचार्य सगळ्यात मोठ्याने. सर पेल्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "प्रयोग फसला. साधे उंदीर मला साधे ठेवता आले नाहीत. उंदरांकडे बोट दाखवू नका, त्यांनी जे झालं तेच सांगितलं." मी मागच्या दाराशी उभा होतो. चहाचे कप घेऊन. प्लास्टिकचे.

कैलास विसर्जनानंतर रात्रीतून नाहीसा झाला होता. कुठे गेला ते मला आठवड्याने कळलं. माझं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठावर, नाशिकच्या खाली. घाटाच्या पायऱ्यांशी पांढरे मणी येऊन लागले होते. आई म्हणाली, "गारा पडल्या का रे बाबा तिकडं? वितळंना झाल्यात." त्या पाण्यावर आमच्या म्हशी उतरत होत्या.

सर निवृत्त झाले. पुन्हा प्रयोग करायचा म्हणत होते, पण कॉलेजने पिंजरे भंगारात काढले. मागच्या वर्षी ते गेले. शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो तर म्हणाले, "सोनवणे, ते पाणी काही मला सापडलं नाही." मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

परवाच्या दिवाळीत काकूंनी चकलीची ताटली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "एकच दिवस हो, सोनवणे. एकच दिवस मग बुडवला मी. ह्यांचं सगळं आयुष्य गेलं त्यात." मी म्हणालो, "चकली मस्त झालीय, काकू."

हे छापून आलं तरी त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. वाचून दाखवायला मलाच जावं लागेल. मगातलं ते पाणी एकही उंदीर प्यायला नाही, ते मी बेसिनमध्ये ओतलं आणि उंदीर मी मिसळले, एवढं मला काकूंना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.