हवा मोजायच्या दिवशीचा सडा

मी अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळं तपासणी म्हणजे काय असतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पर्यवेक्षिका उद्या येणार असा निरोप आला की माझी अंगणवाडी मला स्वतःलाच ओळखू येत नाही. जळमटं जातात, तक्ते सरळ होतात, वजनकाटा पुसला जातो आणि ज्या लेकरांची नाकं बारा महिने वाहतात त्यांची नाकंसुद्धा त्या दिवशी कोरडी असतात. बाई येतात, खूश होतात, चहा पिऊन जातात. वीस वर्षं हेच करतेय मी. एवढं सगळं माहीत असूनही त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचा राग मला अजून येतो.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या बाजूला. गावाच्या वर माळ आहे आणि माळावर खडी क्रशर आला. रस्ते चांगले हवेत तर खडी कुठंतरी फुटायचीच, हे मलाही कळतं. पण ती आमच्या आत्याबाईंच्या छातीतून चाळून जावी, हे काही मला पटलं नाही.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. वय विचाराल तर ती म्हणेल, "मोठ्या दुष्काळात मी पोटुशी व्हते, घ्या तुमीच हिशेब करून." तिची जागा म्हणजे घराचा ओटा. सकाळी सडा टाकायचा, रांगोळीची दोन बोटं ओढायची आणि मग ओट्यावर सूप घेऊन बसायचं. तूर निवडता निवडता सगळं गाव तिच्यासमोरून जायचं. कोण कुठं निघालं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली, सगळं तिला ओट्यावर कळायचं. मोबाइल काय देईल एवढ्या बातम्या!

क्रशर सुरू झाला आणि दोन वर्षांत तिचा दमा असा वाढला की कळमनुरीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आजीला धुळीत बसू देऊ नका. बसू देऊ नका म्हणजे कुठं बसवू? धूळ तर दारातच होती. खडीचे हायवा, म्हणजे मोठाले डंपर, गावातून जायचे, वरून क्रशरचा फुफाटा उतरायचा. तुळशीची पानं पिठात घोळल्यासारखी दिसायची. शेवटी आत्याबाई मधल्या खोलीत गेली आणि दार लागलं. आतून ओरडायची, "मला शेळीवानी कोंडून घातलं व्हय गं तुमी?" मला फार वाईट वाटायचं. तिच्याशी माझं कधी पटलं नाही ते वेगळं, पण ती ओट्यावर बसून मला नावं ठेवायची तेव्हा घर कसं भरलेलं वाटायचं.

मग मी तक्रार लिहिली. आमचे मालक म्हणाले, "कशाला नस्ती भानगड?" मी म्हटलं, "तुमची आई आहे का माझी?" तक्रार तहसीलमध्ये दिली, तिथून ती प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात गेली. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आम्हाला आठ लागले. उत्तर आलं ते असं, की सदर क्रशरधारकानं हवेच्या तपासणीचे अहवाल नियमित सादर केलेले असून धुळीचं प्रमाण मर्यादेत आढळलेलं आहे.

म्हणजे ज्यानं धूळ करायची त्यानंच ती मोजायची आणि त्यानंच सरकारला कळवायची! आमच्या अंगणवाडीतल्या लेकरांना मी सांगितलं असतं ना, की खिचडी कुणी सांडली ते तुमचं तुम्हीच लिहून द्या, तर एकाही ताटाखाली शीत सापडलं नसतं.

पत्राला त्या अहवालाची झेरॉक्स जोडली होती. मी ती घेऊन आत्याबाईजवळ बसले आणि मोठ्यानं वाचली. तारीख वाचली तशी ती म्हणाली, "थांब. ती कोनती तिथी पडती?" भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागची पानं उलटली. पोळा! पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तिथं क्रशर कोण चालवतंय? सगळे कामगार घरी पुरणपोळी खात होते आणि हा गडी बंद मशिनीशेजारी हवा मोजत होता. आत्याबाई हसली, हसता हसता खोकली आणि खोकता खोकता म्हणाली, "लई बेरकी हाय मुडदा."

मी त्या तारखेखाली लाल पेनानं 'पोळा' लिहिलं आणि हिंगोलीला तक्रार दिनात जाऊन प्रदूषणवाल्या साहेबांच्या समोर ठेवलं. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख ताडून बघितली. मग म्हणाले, "ताई, आता आमचंच यंत्र पाठवतो. क्रशर चालू असताना, तुमच्या घरावर. एक दिवस." मी घरी येताना एसटीत अशी बसले होते, की जणू कलेक्टर झाले.

आणि इथंच माझी माती झाली.

सरकारी माणूस येणार ही बातमी मी गावात सांगितली. का नाही सांगणार? इतके दिवस लोक मला "धूळवाली बाई" म्हणून चिडवत होते. सरपंचांनाही उत्साह आला. मोजणीच्या दिवशी पहाटे आत्याबाई दमा विसरून उठली. "सरकार दारात येनार आन दारात फुफाटा? लोक थुकतील तोंडावर!" तिनं सांगायचं आणि मी करायचं. मी अंगणात असा सडा टाकला की चप्पल रुतावी. शेजारणींनी आपापली अंगणं शिंपली. सरपंचांनी टँकर लावून वेशीपासून आमच्या दारापर्यंत रस्ता भिजवला. साहेबाच्या जेवणात माती पडू नये म्हणून चार जण वेशीवर उभे राहिले आणि हायवावाल्यांना सांगू लागले, "आज वरच्या रस्त्यानं जावा, गावात साहेब हायेत." हायवावाले गेले बिचारे, काही बोलले नाहीत. त्यांना काय, उलट बरंच!

यंत्र घेऊन आलेला माणूस परभणीकडचा होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पत्र्याची उभी पेटी, वर घरासारखं उतरतं छप्पर, आत मोटार. गोठ्याच्या स्लॅबवर, म्हणजे आमच्या ओट्याच्या जवळजवळ डोक्यावर, त्यानं ती ठेवली. चिमट्यानं एक पांढराशुभ्र कागद आत बसवला आणि बटण दाबलं. पिठाची गिरणी लांब कुठं चालू असावी तसा आवाज. ही मशीन हवा ओढते, धूळ कागदावर बसते, नंतर कागदाचं वजन करतात, एवढं त्यानं सांगितलं. आम्ही त्याला भाकरी, ठेचा, पिठलं, वर दही असं जेवू घातलं. त्यानं जेवताना दोनदा ओल्या रस्त्याकडं बघितलं. मला वाटलं, गाव आवडलं याला.

महिन्यानं अहवाल आला. मर्यादेत!

मी तो कागद दोनदा वाचला. करायला गेलो एक अन् झालं भलतंच. क्रशरवाल्यानं पोळ्याचा दिवस निवडला तेव्हा आम्ही त्याला बेरकी म्हटलं. आम्ही तर सरकारसाठी पोळ्याहून स्वच्छ दिवस आमच्या हातानं तयार करून दिला, वर दही वाढलं. त्यानं लबाडीनं केलं, आम्ही आदरानं, आणि कागदावर दोन्ही सारखंच उमटलं. गावात जो तो म्हणू लागला, बघा, सरकारच म्हणतंय धूळ न्हाई. त्या दिवशी मी अंगणवाडीत लेकरांवर उगीच ओरडले.

आत्याबाईला सांगितलं तेव्हा तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजे मी आता हितंच मरायचं का, ह्या खोलीत?"

मी परत हिंगोलीला गेले. साहेबांना सगळं खरं सांगितलं, सडा, टँकर, हायवा, काही लपवलं नाही. मला वाटलं झापतील. ते म्हणाले, "आमच्या माणसानं शेरा लिहिलाय, रस्ता ओला होता म्हणून. पण शेऱ्याला वजन नसतं ताई, कागदाला असतं. तो परत येईल. फक्त या वेळी पाहुणा समजू नका त्याला."

या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं. पण आमच्या गावात गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी नेणं. मोजणीच्या आदल्या दिवशी गोठ्यावर परत पेटी चढली तसे लोक विचारायला आले. मी सांगितलं, मोबाइलची रेंज मोजायला आलेत. झालं! दिवसभर माणसं गोठ्याखाली फोन वर धरून उभी राहायला लागली. "बाई, जरा आमच्या आळीकडं तोंड करा की त्या डब्याचं." तो परभणीचा माणूस पहिल्यांदाच हसला.

खरी अडचण आत्याबाईची होती. मी तिला बजावलं होतं, तीन दिवस आधीपासून खराटा नाही, सडा नाही, काही नाही. हायवा नेहमीसारखे दारातून जातील, जाऊ द्यायचे. तिनं मला अशा शिव्या दिल्या की इथं लिहिता येणार नाहीत. "लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिसापासून सडा चुकला न्हाई ह्या अंगनाचा. सासरा गेला तवा बी न्हाई. आन आता तू मला पारोश्या अंगनात बसवती?" पण ऐकलं. तीन दिवस ती दाराच्या फटीतून ते अंगण बघायची आणि कपाळाला हात लावायची.

मोजणीच्या सकाळी सहाला मशीन सुरू झाली. कागद बसवण्याआधी त्या माणसानं तो आत्याबाईला दाखवला, कारण तिनं मागितलाच. "धुतल्या धोतरावानी हाय की," ती म्हणाली. मग तिनं खुर्ची मागितली आणि ओट्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, "आत्याबाई, आत चला, आज तर सगळीच धूळ आहे." ती म्हणाली, "पाव्हना वर एकला बसला, त्याची मशीन बसली, मग मी काहून आत बसू? मला बी बघू दे किती येती." पदर नाकाला लावला आणि सूप मांडीवर घेतलं. मी भांडले, मालक भांडले. ऐकेल तर शपथ. हायवा गेला की खोकायची, खोकून झालं की रस्त्याला शिव्या द्यायची आणि पुन्हा तूर निवडायची. मला तिचा राग येत होता आणि खरं सांगते, इतक्या दिवसांनी तिला ओट्यावर बघून डोळेही भरून येत होते.

दुपारी दोनला तो माणूस कागद बदलायला वर गेला. खाली आला तेव्हा चिमट्यात तोच कागद होता, पण आता राखेच्या रंगाचा. आत्याबाईनं निरखून बघितला.

"एवढ्यात काहून बदलला?"

"भरला, माय. आठ तासांनी बदलावाच लागतो. भरलेल्या कागदातून हवा ओढायला मशीनला तकलीफ होती. नवा बसवला की पुन्हा बराबर चालती."

"अस्सं," ती म्हणाली आणि त्याला पाकिटात कागद ठेवताना बघत राहिली.

या वेळचा अहवाल आला तेव्हा त्यात 'मर्यादेच्या पुढं' हे शब्द होते. क्रशरला नोटीस गेली, काही दिवस तो बंदही राहिला. आता मशिनीभोवती पत्रे लागलेत, पाण्याचे फवारे बसलेत, हायवा ताडपत्री टाकून वरच्या रस्त्यानं जातात. धूळ संपली असं मी म्हणणार नाही, पण तुळस हिरवी दिसते. मला आता कुणी "धूळवाली बाई" म्हणत नाही. रेंज मात्र अजून आली नाही, त्यावरून बोलणी खाते.

सहा महिन्यांनी तो माणूस फेरतपासणीला आला. न सांगता आला. आत्याबाई ओट्यावर होती, सकाळी तासभर अन् दुपारी तासभर ती आता बाहेर बसते, डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिलीय. अंगणात सडा होता, पण रोजचाच, त्याच्यासाठी टाकलेला नव्हता. दुपारी दोनला तो कागद घेऊन खाली उतरला आणि आपणहून तिच्याकडं गेला. कागद थोडासाच मळला होता.

"बघा माय. मागच्या वेळचा आठवतो का?"

"आठवतो तर," ती म्हणाली. खूश झाली. त्याला म्हणाली, जेवल्याबिगर जायचं न्हाई. मग तो कागद पाकिटात ठेवत होता तेव्हा तिनं आपल्या छातीवर दोन बोटं ठोकली.

"लेका, मशीनचा तर आठ तासांनी बदलला. ह्यो माझा दोन वर्सं भरला, ह्यो कवा बदलतूस?"

तो हसला, कारण तीही हसत होती. मग तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. तो माणूस पाकीट हातात धरून तिथंच उभा राहिला. मी पाणी आणायला आत गेले आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.