तांड्याच्या विहिरीचा आंतरविद्याशाखीय अभ्यास

हिंगोलीच्या कॉलेजात मी मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवाच झालेला, त्यामुळे त्याचा अभ्यास अजून कोणी केलेला नाही, असा शोध विद्यापीठातल्या काही मंडळींना लागला आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनं यांवर एक मोठा प्रकल्प मंजूर झाला. प्रकल्प आंतरविद्याशाखीय होता. हा शब्द त्या वर्षांत फार जोरात होता. त्याचा अर्थ मला कळला तो असा की भूगोल, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, गृहविज्ञान आणि समाजशास्त्र यांनी एकाच जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं, पण कामाचं एकमेकांशी काही बोलायचं नाही. मला घेतलं ते ‘लोकगीतांतील पाणी’ या प्रकरणासाठी, असं कागदावर होतं. खरं कारण वेगळं. माझं माहेर औंढा तालुक्यातलं, तिकडच्या तांड्यांवर माझी ओळख, आणि बाकी कोणाला तिथल्या माणसांशी दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती.

अभ्यासाला सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाचा एक तांडा निवडला. तांड्यावर उभं राहिलं की धरणाचं पाणी समोर दिसायचं. ते कालव्यानं लांबलांबच्या शेतांना जायचं. तांड्याला प्यायला एक विहीर होती. तिला कठडा नव्हता आणि पावसाळ्यात वरच्या अंगाची सगळी घाण वाहून तिच्यात उतरायची.

तांड्याचे प्रमुख, ज्यांना तिथं नायक म्हणतात, ते माझ्या वडिलांच्या बैठकीतले. मी त्यांना काका म्हणायचे. आदल्या पावसाळ्यात त्यांचा नातू जुलाबानं गेला होता. आता सुनेला दुसरं लेकरू झालं होतं आणि ते रांगायला लागलं होतं. पुढच्या पावसाळ्याच्या आत तांड्यावर नळ यावा, याखेरीज काकांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नळयोजनेच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की, आहे ते पाणी पिण्यालायक नाही असं कोणा जाणत्या संस्थेनं म्हटलं पाहिजे, त्याशिवाय कागद पुढं सरकणार नाही. विद्यापीठाची माणसं पाणी तपासायला येणार आहेत हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. वडिलांच्या वयाच्या माणसानं हात जोडले की कुठं बघावं ते कळत नाही.

विद्यापीठ शिस्तीचं. येण्याआधी त्यांनी रीतसर निरोप धाडला. ठरल्या दिवशी जीप निघाली, वाटेत जवळा बाजार या गावी थांबली, तिथं सगळ्या विद्याशाखांनी मिळून भजी खाल्ली. संपूर्ण प्रकल्पात सर्व विभागांचं एकमत झालं ते त्या भज्यांबद्दल. तिथून पुढं भूगोलाच्या नकाशात तांड्याचा रस्ताच नव्हता, म्हणून मला पुढच्या सीटवर बसवलं.

तांडा लखलखीत झाडलेला होता. दारापुढं सडे, खाटांवर धुतलेल्या चादरी, ठेवणीतले स्टीलचे पेले. आणि विहिरीजवळ गेलो तर पावडरीचा वास. पंचायतीकडून वर्षाकाठी जंतुनाशक पावडरीचं एखादं पोतं तांड्याच्या वाट्याला यायचं. ते पुरणार कसं? म्हणून काकांनी त्याचा उपयोग ठरवून टाकला होता. ते पोतं पाहुण्यांसाठी राखायचं. चांगली चादर, नवा पेला, तशी ही पावडर. कोणी मोठं माणूस येणार असलं की सकाळी उठून विहिरीत टाकायची. आज तर साक्षात विद्यापीठ येणार, म्हणून त्यांनी हात सैल सोडला होता. पाणी नितळ झालेलं पाहून ते खूश होते आणि मी मनात कपाळावर हात मारून घेतला.

पाण्याचा भाग रसायनशास्त्राकडे होता, जंतूंची तपासणीही त्यांच्याचकडे. मी त्या विभागाच्या सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आज सकाळीच पावडर पडली आहे, एरवी हे पाणी असं नसतं. त्यांनी बाटली भरता भरता माझ्याकडे पाहिलं. नमुना रीतसर घेतलेला आहे, म्हणाले, आणि विहिरीत कोणी काय टाकलं हा सामाजिक भाग झाला. मी समाजशास्त्राकडे गेले. त्या सरांचा चेहरा फुलला. त्यांनी काकांना खाटेवर बसवून पावडर कधी टाकता, कोण टाकतं, बायकांचा त्यात सहभाग किती, सगळं बारकाईनं उतरवून घेतलं. अतिथिसत्काराचा इतका अस्सल नमुना आपल्याला कुठं मिळाला नव्हता, असं ते दोनदा म्हणाले. तिकडे गृहविज्ञानाच्या बाईंनी बायकांना गोळा करून पाणी चांगलं खळखळ उकळूनच प्या असं बजावलं. त्या उठल्या आणि वनस्पतिशास्त्राचे सर त्याच बायकांपुढं उभे राहिले. जळणासाठी माळावरची एकही काडी तोडू नका, असं त्यांनी बजावलं. बायकांनी दोघांनाही मान डोलावली. पाहुण्यांना नाही कोण म्हणणार?

एवढं सगळं झाल्यावर पेल्यांतून पाणी आलं. मंडळींनी पेले कपाळाला लावल्यासारखे करून खाली ठेवले आणि जीपमधल्या बाटल्यांतलं पाणी प्यायलं.

काही महिन्यांनी विद्यापीठात निष्कर्ष वाचायचा कार्यक्रम झाला. रसायनशास्त्रानं सांगितलं की तांड्याच्या विहिरीचं पाणी उत्तम आहे, त्यात रोगजंतूंचा मागमूस नाही. टाळ्या झाल्या. लगेच पुढचे वक्ते समाजशास्त्राचे. त्यांनी सांगितलं की पाहुणे येण्याआधी विहिरीत जंतुनाशक टाकण्याची हृद्य प्रथा तांड्यावर आहे. पुन्हा टाळ्या. एकाच व्यासपीठावर, एकामागून एक, आणि सभागृहात एकाच्याही भुवया हलल्या नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि म्हटलं की दुसऱ्या सरांचं खरं असेल तर पहिल्या सरांचं पाणी हे पावडरीचं पाणी आहे. प्रकल्पप्रमुख फार मृदू गृहस्थ. ते म्हणाले की प्रत्येक विभागाचे निष्कर्ष आपापल्या कक्षेत बरोबर आहेत, आणि मॅडमना काही भर घालायची असेल तर लोकगीतांच्या प्रकरणात जागा आहे. सगळे हसले. चहा झाला.

नळाचा अर्ज परत आला. वर साहेबांनी काकांनाच सांगितलं म्हणे, की विद्यापीठानं नावाजलेलं पाणी पिता, नशीबवान आहात.

अहवाल छापण्याआधी फेरतपासणीची एक खेप उरली होती. ती नेमकी पाऊस सुरू झाल्यावर ठरली. मी आधीच तांड्यावर गेले आणि काकांना म्हटलं, या वेळी विहिरीत काही टाकायचं नाही. जशी आहे तशी दाखवायची. ते म्हणाले की पाव्हणा दारात येणार आणि आपण त्याला घाण पाणी दाखवायचं, असं तांड्यावर आजवर कोणी केलेलं नाही. काकी तर उठून आत गेल्या. मी नातवाचं नाव काढलं. ते काढायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण काढलं. काका म्हणाले, बराबर हाय, न्हाई टाकत.

त्या दिवशी विहीर अगदी तिच्या खऱ्या रूपात होती. गढूळ, हिरवट, वर शेणाचा तवंग, काठाशी मेलेला बेडूक. काका सामोरे आले नाहीत. विहिरीपासून लांब, फेट्याचा पदर तोंडावर ओढून बसून राहिले. इतका मानी माणूस मी असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

रसायनशास्त्राचे सर काठावर आले, वाकून पाहिलं आणि हातातली बाटली परत पेटीत ठेवली. मी विचारलं, नमुना घेत नाही का?

“मॅडम, हे पाणी घेतलं तर मागच्या आकड्यांशी मेळ बसणार नाही,” ते म्हणाले. “सगळं प्रकरणच पुन्हा लिहावं लागेल.”

बाकीच्या विभागांनी तो पेच रसायनशास्त्राच्या कक्षेतला मानला. समाजशास्त्राच्या सरांनी मात्र हळहळून मला विचारलं की या वेळी प्रथा पाळलेली दिसत नाही, आधुनिकीकरणाचा परिणाम असेल का? परतीच्या वाटेवर खालच्या गावातल्या हातपंपाचं पाणी नमुना म्हणून बाटलीत भरून घेऊ, ते नितळ असतं, असं ठरलं. मी म्हटलं, मी मागून एस.टी.नं येते. जीप निघून गेली.

मी काकांजवळ जाऊन बसले. रागानं मला रडू येत होतं. जीपचा आवाज विरला. मग त्यांनी तोंडावरचा पदर काढला.

“बाई, आमी पाव्हण्याम्होरं लाज सोडली,” ते म्हणाले. “तरी बी काहून न्हाई नेलं त्यायनं पाणी?”

समोर त्यांची सून कडेवर लेकरू घेऊन विहिरीवर आली. तिनं पोहऱ्यानं बेडूक बाजूला सारला आणि प्यायचा हंडा भरायला घेतला.