गाऱ्हाणं ऐकायचं कुणी

इतिहास शिकवून निवृत्त झालेले शामकांत सर राहात्यात मुलाच्या पंपांच्या दुकानात बसत. अहिल्याबाई होळकर लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, हे त्यांनी अनीशला लहानपणापासून सांगितलेलं. एकदा व्यापाऱ्यांच्या सभेत अनीशने तेच सांगून टाळ्या मिळवल्या, तेव्हा सर सुखावले होते.

दोनच दिवसांनी शेतकरीण आक्काबाई दुकानातूनच नेलेला पंप परत घेऊन आली. "नवाच हाय, तरी बंद पडला. बघा तरी."

"कंपनीला फोन करा," अनीश मोबाईलमध्ये बघतच म्हणाला.

"अरे, ऐकून तरी घे त्यांचं."

"बाबा, ते भाषणापुरतं ठीक आहे."

आक्काबाई निघाली. सरांनी बाहेर पायरीवर बसून तिचं सगळं ऐकलं, पण पंप बदलून देणं त्यांच्या हातात नव्हतं. चडफडत ते घरी गेले, आणि पुन्हा दुकानात बसले नाहीत.