निल्सच्या स्केट्सची धार

परवा नात रेवाच्या स्केट्सना धार लावून आणायला सिडनीतल्या आइस रिंकवर गेलो. फिरत्या चाकाला पातं टेकलं, तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मी थेट स्वीडनमधल्या त्या ड्रेसिंग रूममध्ये पोचलो.

तिथे शिकत असताना खर्च भागवायला मी एका आइस हॉकी क्लबच्या स्केट्सना धार लावायचो. त्या वर्षी आमचा क्लब फायनलला पोचला होता. गोलकीपरला बाजूला घसरायचं असतं, म्हणून त्याची पाती जरा बोथट ठेवतात. फायनलच्या दिवशी गडबडीत मी आमच्या गोलकीपरची, निल्सची पातीही इतरांसारखीच तेज केली. सुरुवातीलाच त्याचा पाय बर्फात रुतला, तो कोलमडला आणि गोल झाला.

मध्यंतरात निल्सने माझ्या हातातला धारेचा दगड मुकाट्याने घेतला आणि पाती बोथट करू लागला.

"झोपला होतास का?" कोच त्याच्यावर ओरडला.

"पाय अडखळला," निल्स म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. नोकरी गेली तर शिक्षण संपेल, या भीतीने गप्प राहिलो. पुढे आम्ही अजिंक्यपद जिंकलो, पण पेपरवाल्यांनी निल्सची ती 'डुलकी' कधी विसरू दिली नाही. त्याने मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी इंजिनियर झालो.

"आजोबा, यू नेव्हर टोल्ड एनिवन?" घरी आल्यावर हे सगळं ऐकून रेवाने विचारलं.

"नाही गं."

म्हणून आज लिहून ठेवतो. निल्सचा पाय अडखळला नव्हता. चूक माझी होती, आणि माझं शिक्षण पुरं झालं ते त्याच्यामुळे.