वर्षाराणीचा एकुलता सिनेमा

औशाच्या आमच्या गल्लीतली वर्षाराणी आधी लातूरच्या एका साडी दुकानाच्या जाहिरातींत झळकली. तिथून मुंबईला गेली अन् नऊ वर्षांनी तिला एकदाचा सिनेमा मिळाला. काम लातूरकडच्याच बाईचं होतं. शूटिंगला ती घरी बोलते तशीच बोलली. दिग्दर्शकाला ते गावाकडचं वाटलं नाही. औशात सात पिढ्या गेल्या तिच्या, अन् म्हणे गावाकडचं वाटत नाही. त्याने तिचे सगळे संवाद पुण्याच्या एका बाईच्या आवाजात भरले, अन् हिला कळवलंसुद्धा नाही.

ते आम्हाला लातूरच्या थेटरातच कळलं. तिची आई बसम्माकाकू माझ्या अन् वर्षाराणीच्या मधे बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरची माणसं ओळखू येत नव्हती, म्हणून त्या कान देऊन लेकीची वाट बघत होत्या. वर्षाराणी पडद्यावर येऊन तास झाला होता.

मध्यंतरात काकूंनी विचारलं, "वर्षे, तुझं काम कवा येणार हाय?"

वर्षाराणी म्हणाली, "ते कापलं, माय."

"मग चल की घरी," काकू उठत म्हणाल्या. "दुसरीचं काय बघत बसायचं?"

आम्ही उठलो. त्यानंतर तिला दुसरा सिनेमा मिळाला नाही.